मुक्कामाचा व्हिसा मिळाला. वाटेतल्या थांब्याचे काय?

प्रतिनिधी

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमधील ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. तो सामना दूरचित्रवाणीवर पाहताना 'आपणही तेथे असायला हवे होते' असे न वाटलेला क्रिकेटप्रेमी विरळाच. भारतीय पासपोर्टधारक पर्यटकाला बार्बाडोससाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मग तिकीट काढावे, बॅग भरावी आणि निघावे, इतके ते सोपे वाटते.

प्रत्यक्षात ते तसे नाही. मुंबईहून ब्रिजटाऊनला थेट विमान नाही. प्रवासी जातो तो बहुधा लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरंटोमार्गे. लंडनला विमान बदलायचे तर भारतीय नागरिकाला ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो किंवा त्यातून सूट मिळवून देणारी कागदपत्रे जवळ असावी लागतात. न्यूयॉर्क वा मायामीमार्गे जायचे तर अमेरिकेचा व्हिसा हवा, टोरंटोमार्गे जायचे तर कॅनडाचा. ज्या देशात जायचे त्याचे दार उघडे, पण तेथे नेणाऱ्या जवळपास प्रत्येक रस्त्यावर एक नाका, असा हा प्रकार आहे.

परदेशप्रवासाची आखणी करताना आपण विचार करतो तो मुक्कामाच्या देशाचा. वाटेतला थांबा म्हणजे आपल्याला केवळ दोन-चार तासांची प्रतीक्षा, कॉफीचा एक पेला आणि पाठ टेकायला एखादी खुर्ची वाटते. कायद्याच्या लेखी मात्र तो एक स्वतंत्र देश असतो आणि त्या देशाला आपल्याविषयी स्वतःचे मत असते. हे मत तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी जाणून घेतले नाही, तर त्याची किंमत मोजावी लागते ती विमानतळावर.

निर्णय होतो तो सहारच्या काउंटरवर

अनेकांची समजूत अशी असते, की कागदपत्रांत काही उणे असेल तर परदेशात उतरल्यावर तेथील अधिकाऱ्याला समजावून सांगता येईल. तशी वेळच येत नाही. पहिली तपासणी मुंबईतच, चेक-इन काउंटरवर होते आणि ती विमान कंपनीचे कर्मचारी करतात.

यामागचे कारण व्यावहारिक आहे. आवश्यक कागदपत्रे नसलेला प्रवासी आणून सोडला, तर अनेक देश विमान कंपनीलाच जबाबदार धरतात. ब्रिटनच्या १९९९ च्या कायद्यात अशा प्रत्येक प्रवाशामागे २,००० पौंडांच्या दंडाची तरतूद आहे. शिवाय त्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारीही कंपनीवर येते. त्यामुळे काउंटरवरील कर्मचारी 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या 'टिमॅटिक' या माहितीप्रणालीत प्रवाशाचे नागरिकत्व, मार्ग आणि व्हिसा पडताळून पाहतात. तेथे उत्तर नकारार्थी आले, की बोर्डिंग पास मिळत नाही. अशा वेळी कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण नियम त्यांनी केलेला नसतो आणि तो शिथिल करण्याचा अधिकारही त्यांना नसतो. कागदपत्रे पुरी करणे ही प्रवाशाची जबाबदारी, असे तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते. त्यामुळे बहुतेक वेळा बुडालेले भाडेही हाती येत नाही.

शब्द तीन, अर्थ वेगळे

या विषयात ट्रान्झिट, लेओव्हर आणि स्टॉपओव्हर हे शब्द सरसकट वापरले जातात. त्यांतील भेद समजून घेतलेला बरा. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांपर्यंतच्या थांब्याला साधारणपणे लेओव्हर किंवा ट्रान्झिट म्हणतात. त्याहून अधिक काळ, बहुधा प्रवाशाने मुद्दाम घेतलेला मुक्काम म्हणजे स्टॉपओव्हर. भाडे आकारताना विमान कंपन्या हा फरक पाहतात.

व्हिसाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तासांचा नसून दाराचा आहे. आपण इमिग्रेशनचे काउंटर ओलांडणार आहोत की नाही? एका विमानातून उतरून सुरक्षा तपासणीनंतर आतल्या आतच दुसऱ्या विमानाकडे गेलो, तर आपण 'आत'च राहिलो. सामान घेण्यासाठी, हॉटेलात झोपण्यासाठी किंवा दुसऱ्या विमानतळावर जाण्यासाठी बाहेर पडलो, तर आपण त्या देशात प्रवेश केला. काही देश आत राहणाऱ्यालाही व्हिसा मागतात. बाहेर पडणाऱ्याला तर बहुतेक देश मागतातच.

देशागणिक निराळा न्याय

ब्रिटन : येथे दोन प्रकारचे ट्रान्झिट व्हिसा आहेत. विमानतळाच्या आतच विमान बदलणाऱ्यासाठी एक आणि इमिग्रेशन ओलांडून बाहेर येणाऱ्यासाठी दुसरा. भारतीयांना एरवी पहिलाही लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा जवळ असेल, तर आतल्या आत विमान बदलण्यासाठी सूट मिळते. बाहेर पडायचे असेल, तर याच सवलतीच्या अटी कडक होतात. प्रवास त्या देशांकडे किंवा त्या देशांतून असावा लागतो आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपूर्वीचे असावे लागते. म्हणजे नातवंडांना भेटायला अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना हीथ्रोवर विमान बदलताना सहसा अडचण येत नाही. पण पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या, कोणताच व्हिसा नसलेल्या तरुणाची त्याच विमानतळावर जाणारी वाट बंद असते. ट्रान्झिट व्हिसासाठीही अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, हे लक्षात ठेवून हाताशी काही आठवडे ठेवावेत.

अमेरिका : येथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी 'आतल्या आत' विमान बदलण्याची सोयच नाही. पुढचे विमान दोन तासांनी असले तरी प्रवाशाला पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशनला सामोरे जावे लागते. म्हणून 'सी-१' हा ट्रान्झिट व्हिसा किंवा नेहमीचा पर्यटक व्हिसा अनिवार्य ठरतो. एरवी सामान पहिल्या विमानतळावर ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यावे लागते आणि पुन्हा सोपवावे लागते. त्यामुळे येथे दीड तासाचे कनेक्शन कागदावर आकर्षक दिसले, तरी टाळलेले बरे.

कॅनडा : भारतीयांना येथे थांबण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो. ४८ तासांपर्यंतच्या थांब्यासाठीच्या या व्हिसाला शुल्क नाही. पण शुल्क नाही म्हणजे अर्ज नाही, असे नव्हे.

शेंगेन देश : युरोपातील २९ देशांचा हा गट. शेंगेन बाहेरून शेंगेन बाहेरच जाताना, वाटेतील विमानतळावर आत राहणाऱ्या ठराविक देशांच्या नागरिकांना विमानतळ-ट्रान्झिट व्हिसा लागतो. युरोपच्या सामाईक यादीत भारत नाही. मात्र सदस्य देशांना आपापल्या याद्या वाढविण्याची मुभा आहे आणि जर्मनी व फ्रान्सने दीर्घकाळ भारतीयांना त्यात धरले होते. त्यामुळे अनेक वर्षे शेजारशेजारच्या देशांत नियम वेगळे राहिले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर त्यात आणखी एक गुंता झाला. केवळ ब्रिटनचा व्हिसा असलेल्या प्रवाशाला मिळणारी सूट २०२१ पासून उरली नाही. लंडनला शिकायला निघालेला विद्यार्थी फ्रँकफर्टमार्गे स्वस्त तिकीट काढून मोकळा होई आणि अडचण उघड होई ती प्रस्थानाच्या रात्री. जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीने भारतीय पासपोर्टधारकांसाठी या व्हिसातून मुक्ती जाहीर केली. एका घोषणेने मार्ग कसा खुला होतो, याचे हे उदाहरण आहे. नियम कडकही असेच होतात. म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याचा अनुभव हा यंदाचा नियम समजू नये. घोषणा कधी झाली यापेक्षा ती आपल्या प्रवासाच्या दिवशी कोणत्या अटींसह लागू आहे, हे पाहावे.

शेंगेनबाबत आणखी एक सापळा आहे. समजा, मुंबई-फ्रँकफर्ट-लिस्बन-साओ पाउलो असे तिकीट काढले. फ्रँकफर्ट ते लिस्बन हा टप्पा शेंगेनच्या पोटातला, म्हणजे जणू देशांतर्गत. त्यासाठी फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन ओलांडावे लागते. येथे विमानतळ-ट्रान्झिटची कोणतीही सवलत उपयोगाची नाही. पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. एकच शेंगेन विमानतळ असलेल्या मार्गाला आणि दोन विमानतळ असलेल्या मार्गाला म्हणूनच एका मापाने मोजता येत नाही.

दुबई आणि सिंगापूर : भारतीयांच्या या दोन नेहमीच्या थांब्यांवर आतल्या आत विमान बदलणाऱ्यास सहसा व्हिसा लागत नाही. शहर पाहायचे असेल तर पर्याय आहेत. संयुक्त अरब अमिरातीत ४८ आणि ९६ तासांचे ट्रान्झिट व्हिसा आहेत. ते तेथील विमान कंपनीमार्फत आधीच घ्यावे लागतात. सिंगापुरात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठराविक देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला पुढचे पक्के तिकीट दाखवून ९६ तासांपर्यंत व्हिसाविना राहता येते. मात्र ही सवलत आहे, हक्क नव्हे. प्रवासाची दिशा आणि हाती असलेल्या व्हिसाचा प्रकार यांवर ती अवलंबून असते.

एक तिकीट की दोन?

इंटरनेटवर भाडे शोधताना कधी एक मोहक पर्याय समोर येतो. मुंबई ते एखादे मोठे केंद्र एका कंपनीने आणि तेथून पुढे दुसऱ्या स्वस्त कंपनीने. एकूण भाडे काही हजारांनी कमी. यात दडलेली गोष्ट अशी, की ही दोन स्वतंत्र तिकिटे असतात.

एकाच पीएनआरवर संपूर्ण प्रवास असेल, तर सामान बहुधा थेट अंतिम ठिकाणापर्यंत जाते. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढची व्यवस्था करणे हे विमान कंपनीचे काम असते. दोन तिकिटे असतील तर पहिल्या कंपनीच्या दृष्टीने आपला प्रवास मधल्या शहरातच संपतो. सामान पट्ट्यावरून उचलावे लागते, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो. मग पुन्हा चेक-इन. विमान चुकले तर दुसरी कंपनी त्याला प्रवाशाची गैरहजेरी मानते. आत राहिलो असतो तर न लागणारा व्हिसा केवळ एका बॅगेसाठी लागतो, हे अनेकांना उशिरा उमजते.

केवळ हातातले सामान असेल आणि पुढचा बोर्डिंग पास आधीच मिळालेला असेल, तर काही ठिकाणी यातून वाट निघते. पण ती शक्यता दोन्ही विमान कंपन्यांकडून लेखी खात्री करून घेतल्याखेरीज गृहीत धरू नये.

शहर एक, विमानतळ दोन

तिकिटावर 'लंडन' असे दोनदा छापलेले असले, तरी एकदा ते हीथ्रो आणि एकदा गॅटविक असू शकते. न्यूयॉर्कला जेएफके आणि नेवार्क, पॅरिसला चार्ल्स द गॉल आणि ओर्ली, टोकियोला नारिता आणि हानेडा, इस्तंबूलला नवा विमानतळ आणि सबिहा गोकचेन, अशा जोड्या जगभर आहेत. विमानतळ बदलायचा म्हणजे देशात प्रवेश करायचा. मग व्हिसाही आला आणि शहरातील वाहतुकीचा भरवसाही आला. शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत तपासावा.

आता हा प्रश्न मुंबईकरांच्याही दारात आला आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. नागपूर किंवा गोव्याहून येऊन मुंबईत आंतरराष्ट्रीय विमान पकडणाऱ्याने आपले देशांतर्गत विमान सहारला उतरणार की नवी मुंबईला, हे पाहून घ्यावे. येथे व्हिसाचा प्रश्न नाही. पण दोहोंमध्ये खाडी आणि अवघ्या शहराची रहदारी आहे. तिकिटे स्वतंत्र असतील, तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी कोणी घेणार नाही.

तारखांचे गणित

मुंबईहून सुटणारी पुष्कळशी आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतरची असतात. १५ तारखेला ००.४० वाजता सुटणाऱ्या विमानासाठी १४ तारखेच्या रात्रीच विमानतळ गाठावा लागतो. ही साधी गोष्ट चुकल्याने विमान जाते आणि त्यापाठोपाठ पुढची सगळी साखळी तुटते.

व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल. आणि दोन, किती दिवस राहता येईल. तिसरी, अनेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे किती वेळा प्रवेश करता येईल. समजा, पॅरिस पाहून लंडनला गेलात आणि तेथून रोमला निघालात. पॅरिस आणि रोम शेंगेनमध्ये आहेत, लंडन नाही. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पॅरिस सोडताच संपला; खिशात रोमचे तिकीट असूनही रोमचे दार बंद झाले. अशा आखणीत एक तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा किंवा लंडन सहलीच्या सुरुवातीला अथवा शेवटी ठेवावे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे; आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. नकाशावरील सीमा आणि व्हिसाच्या सीमा एकच नसतात.

पासपोर्टची मुदतही मोजावी. शेंगेन देश परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिन्यांची वैधता मागतात, अनेक आशियाई देश ६ महिन्यांची. वाटेतल्या थांब्यावर बाहेर पडायचे असेल, तर त्या देशाची अटही लागू होते.

परतीचा रस्ताही प्रवासच

जाताना लागू असलेली सवलत येताना असेलच असे नाही. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांनी तेथील मुक्काम रीतसर वाढवून घेतला आणि त्या काळात पासपोर्टवरील व्हिसाची मुदत उलटली, असे घडू शकते. तेथील वास्तव्य कायदेशीर असते, पण ज्या वैध व्हिसाच्या जोरावर येताना वाटेत सूट मिळाली होती, तो आता हाती नसतो. अशा वेळी परतीचे तिकीट जसेच्या तसे वापरण्यापूर्वी थांब्याचा नियम पुन्हा पाहावा. गरज पडल्यास थेट विमानाने किंवा आखाती देशांमार्गे परतावे.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून परतणाऱ्यांसाठी एक अट खुद्द भारताची आहे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून आलेल्या प्रवाशाला लसीकरणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसल्यास त्याला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. केनिया, इथिओपिया, ब्राझील हे देश त्यात मोडतात. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते. त्यामुळे जोहान्सबर्गहून परतताना नैरोबी किंवा अदिस अबाबा येथे दोन दिवस भटकण्याचा बेत असेल, तर लसीची तारीख तिकिटापूर्वी ठरवावी लागेल.

आधी मार्ग, मग व्हिसा, शेवटी पैसे

मग आखणी करावी तरी कशी? कागदावर प्रवासाची रेघ आखावी आणि प्रत्येक थांब्यापुढे विमानतळाचा संकेत, उतरण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ लिहावी. मग प्रत्येक थांब्याला पाच प्रश्न विचारावेत. मी इमिग्रेशन ओलांडणार आहे का? माझे सामान थेट पुढे जाणार आहे का? पुढचे विमान याच विमानतळावरून आहे का? आत राहण्यासाठीही माझ्या पासपोर्टला व्हिसा लागतो का? विमान रद्द होऊन रात्र काढावी लागली, तर मला बाहेर पडता येईल का?

या प्रश्नांची उत्तरे त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर शोधावीत आणि विमान कंपनीकडून पडताळून घ्यावीत. ट्रॅव्हल एजंटाने 'काही लागत नाही' असे सांगितले, तर ते ई-मेलने लिहून मागावे. कुटुंबात कोणाचा पासपोर्ट परदेशी असेल, तर प्रत्येकासाठी वेगळी विचारणा करावी, कारण नियम कुटुंबाला नव्हे, पासपोर्टला लागू होतो. व्हिसाच्या अर्जासाठी बहुधा आरक्षण दाखविणे पुरते. परत न मिळणाऱ्या भाड्याचे तिकीट व्हिसा हाती आल्यावरच घ्यावे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, तेव्हा घाईचे कारण नाही.

हे सारे करूनही थेट विमान आणि थांब्याचे विमान यांची तुलना करायची असेल, तर स्वस्त भाड्यात ट्रान्झिट व्हिसाचे शुल्क, अर्ज केंद्राच्या फेऱ्या आणि वाटेतील रात्रीचा खर्च मिळवून पाहावा. पुष्कळदा फरक उरतो तो किरकोळ. कधी तो मोठाही असतो आणि तेव्हा थांबा घेण्यात शहाणपण असते. दोन दिवसांचे सिंगापूर वा दुबई त्याच भाड्यात पाहून होते. मात्र तो थांबा आपण जाणीवपूर्वक निवडलेला असावा. सहारच्या काउंटरवर रात्री ११ वाजता, निरोप द्यायला आलेले नातेवाईक काचेबाहेर उभे असताना, त्याची ओळख होऊ नये.